शांततेचा नमुना

१

खोलीत शिरण्याआधी धाकटी दारातूनच हात लांबवून दिवा लावायची. आत काही नसतं हे तिला ठाऊक होतं. मधोमध काळा ग्रँड पियानो, त्याच्या उघड्या झाकणाखाली माना वाकवून उभे असलेले मायक्रोफोन, भिंतींना राखाडी फोम आणि खाली जाड गालिचा. तरी आधी दिवा, मग पाय. भीती तिच्या पाचवीलाच पुजलेली. मागून कुणी हाक मारली तरी हातातला कप हिंदकळायचा, म्हणून ऑफिसात तिचं नाव चिमणी पडलं होतं. घरी ती धाकटी होती, कारण घरी एक थोरलीही होती.

ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत पियानो, दुसरीत त्याची नक्कल. खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून तिचा आवाज पकडायचा, ते तुकडे संगणकात रचायचे, म्हणजे दूर कुठेतरी कुणी साध्या कीबोर्डवर बोट ठेवलं की हाच पियानो वाजेल. पट्ट्या आटोपल्या होत्या. उरलं होतं ते उजवं पेडल. आणि आप्पांच्या मते पियानोचा जीव पेडलमध्येच असतो.

आप्पा म्हणजे मालक, ध्वनिमुद्रक आणि ऑफिसातला चहा करणारा माणूस, तिन्ही एकाच स्वेटरात. पेडल म्हणजे काय ते त्यांनी तिला पहिल्या आठवड्यातच दाखवलं होतं. पियानोच्या प्रत्येक तारेवर लोकरीची एक गादी टेकलेली असते. ती तारेला गप्प ठेवते. पेडल दाबलं की साऱ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. त्या उचलण्याचाही एक आवाज असतो, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा. मग तारा मोकळ्या होतात आणि खोलीत जे होईल त्याला उत्तर द्यायला लागतात. खोकला, खुर्ची, बोलणं, कशालाही. आप्पांनी पेडल दाबून पियानोच्या पोटाशी तोंड नेलं होतं आणि ‘आ’ म्हटलं होतं. ते थांबल्यावर आतून, त्यांच्याच आवाजात, पण फार लांबून, कुणीतरी ‘आ’ म्हणालं होतं.

ते शास्त्र आहे, हे धाकटीला पटलं होतं. कॉलेजात ती तेच शिकली होती. तरी त्यानंतर पियानोकडे पाठ करून बसायचं तिनं बरेच दिवस टाळलं.

२

पेडलचे आवाज घ्यायच्या दिवशी नेमक्या वादक बाई आजारी पडल्या. आप्पांनी कुरकुर केली, मग स्वतःच म्हणाले की पेडल दाबायला कुठे कला लागते, नुसता पाय लागतो. त्याच वेळी ताई दारात उभी. धाकटी घराची किल्ली विसरून आली होती, ती द्यायला आलेली. ताई बालवाडीत शिकवायची आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

“पाय आहे माझ्याकडे,” ताई म्हणाली. “तोसुद्धा सरळमार्गी.”

पायाचं ठीक होतं; प्रश्न तोंडाचा होता. ताईच्या तोंडाचा पट्टा झोपेतच काय तो थांबायचा, आणि धाकटीला विचाराल तर तेव्हाही नाही. दोघी बहिणी मिळून राहायला लागल्यापासून घरात रेडिओ घ्यायची गरजच पडली नव्हती. मुलांना झोपवताना गुणगुणायची सवय ताईला इतकी जडली होती की भांडी घासताना, जिना चढताना, बूट घालताना तिच्या नाकातून एक बारीक सूर चाललेला असायचा. त्याचा तिलाच पत्ता नसायचा.

आप्पांनी तिला पियानोसमोर बसवलं, हळू दाब, धरून ठेव, हूं की चूं नको, असं बजावलं. ताईनं ओठांवर बटण लावल्याचा अभिनय केला. दार बंद झालं. काचेपलीकडे धाकटीनं हेडफोन चढवले. गाद्या उचलल्याचा तो कूस बदलल्यासारखा आवाज, मग तारांचा सूक्ष्म झंकार, मग काही नाही. चांगलं काम झालं. गाद्या खाली पडतानाचा आवाज मात्र घेता आला नाही, कारण पाय सोडायच्या वेळी ताईला दरवेळी हसू फुटायचं. ते पुढे कधीतरी घेऊ म्हणून आप्पांनी सोडून दिलं.

उरलं ते साफसफाईचं काम, आणि ते धाकटीचं. एसीची घरघर, लिफ्टची कुरकुर, भिंतीआडचा पाण्याचा नळ, हे सारं खरडून काढायचं. त्याची एक रीत होती. आप्पा म्हणत, यंत्राला आधी शांतता शिकवायची, मग आवाज. म्हणजे जिथे काहीच वाजत नाही असा एक तुकडा निवडायचा, आणि तो यंत्राला ऐकवून सांगायचं की हे ओळखून ठेव. हे पियानो नव्हे. हे जिथे सापडेल तिथून काढून टाक. त्या तुकड्याला ते शांततेचा नमुना म्हणत. धाकटीनं ताईच्या शेवटच्या खेपेतला, अगदी शांत दिसणारा तुकडा कापला आणि यंत्राला शिकवला.

३

साफ झालेला आवाज खराब नव्हता. उलट इतका स्वच्छ होता की धाकटीला हेडफोनमध्ये स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. त्या स्वच्छतेत तारांचा झंकार उठला आणि विरत गेला. नुसता विरला असता तर ती चहाला उठली असती. पण विरता विरता तो आकार घेत होता. कुणी तोंड गोल करावं तसा, मग पसरट, मग पुन्हा गोल. ओ, आ, ओ. मध्ये थांबून, श्वास घेतल्यासारखं करून, पुन्हा.

तिनं हेडफोन काढून ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होता. जग जागेवर होतं. तिनं हेडफोन पुन्हा चढवले. ओ, आ, ओ.

तारा कुणालातरी उत्तर देत होत्या. तो जो कुणी होता, तो मात्र आवाजात कुठेच नव्हता. प्रश्न नाही आणि उत्तर आहे, असं काहीतरी.

साप साप म्हणून भुई धोपटण्यात आपला हात कुणी धरणार नाही, हे धाकटी ओळखून होती. म्हणून तिनं आधी नळ तपासला, मग तारा, मग स्वतःचं डोकं. शेवटी आप्पांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि मूळ आवाज लाव म्हणाले. मूळ आवाज नव्हता. घाईत तिनं साफ केलेला आवाज त्याच्यावरच जतन केला होता. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

शांततेचा नमुना तेवढा यंत्रात वेगळा राहिला होता. तिनं तो मोठा करून लावला. एसीची घरघर आली. आणि त्या घरघरीच्या पोटात, अगदी त्याच सुरात लागलेली, ताईची गुणगुण. बालवाडीतल्या मुलांना झोपवायची.

धाकटीला हसूच आवरेना. भीती अशी एकदम उतरली की माणूस हलका होतो. आप्पाही हसले.

“म्हणजे तू यंत्राला सांगितलंस की ही बाई म्हणजे कचरा,” ते म्हणाले. “दिसेल तिथून काढ. यंत्र बिचारं आज्ञाधारक.”

हिशेब जुळला होता. ताई गुणगुणली, तारांनी उत्तर दिलं, यंत्रानं गुणगुण काढली, उत्तर राहिलं. आप्पांना तर ते आवडलंच. असू दे म्हणाले. वाजवणाऱ्याला कळणार नाही, पण पियानोच्या आत कुणीतरी बसलंय असं वाटेल. आपल्या पियानोला आत्मा आला.

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. थोरली माझ्यावर रुसलीय का, तिनं विचारलं. फोन उचलते आणि गप्प बसते. काल तर कितीतरी वेळ मी हॅलो हॅलो करतेय आणि पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. ती तिथूनच ओरडली की आईला आता कानांची तपासणी करायला हवी. काल मी तिला शेजारच्या मांजराची अख्खी कहाणी सांगितली. धाकटीनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. ताई फोनवर वाकून म्हणाली की अगं आई, ऐकू येतंय का तुला, तुझी लेक मेलेली नाहीये अजून.

“हॅलो?” आई म्हणाली. “ठेवलास का गं फोन?”

फोन जुना आहे, धाकटी म्हणाली. ताईनंही तेच म्हटलं आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

धाकटी आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि फोनवर साठलेले ताईचे जुने निरोप काढले. ताई टाइप करायची नाही, बोलूनच पाठवायची: येताना दूध आण, मी उशिरा येईन, तुझा मोजा माझ्या बॅगेत कसा आला. धाकटीनं एक लावला. मोटारीचा हॉर्न, पावलं, कुठल्यातरी दुकानाच्या दाराची घंटा. दुसरा लावला. चमचा बशीवर आपटल्याचा आवाज, कुणीतरी अनोळखी हसलं. तिसऱ्यात मुलांचा गलका होता, आणि गलक्याच्या मध्ये एक भोक होतं, ताईएवढं.

ताईच्या अवतीभवतीचं सगळं होतं. कुणी कात्री घेऊन, नखाएवढीही चूक न करता, तिला तेवढी कापून काढली होती.

धाकटीनं फोन उशीखाली सारला. भिंतीपलीकडे ताई गुणगुणत होती, ते तिला अजून स्पष्ट ऐकू येत होतं. ती कितीतरी वेळ ते ऐकत बसली. यंत्र यंत्रातलंच काढतं, तिनं स्वतःला समजावलं. भिंतीपलीकडचं माणूस त्याला कुठून सापडणार. ताईला काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. सांगणार तरी काय होती? की मी तुला कचरा म्हणून दाखवलं?

५

त्या आठवड्यात ताई शाळेतून लवकर घरी आली. बूटही न काढता खुर्चीत बसून राहिली. मुलं माझं ऐकेनाशी झालीत, असं ती म्हणाली. मस्ती म्हणून नाही. मी गोष्ट सांगत असते आणि ती आपसात खेळायला लागतात, मी खोलीत नाही अशी. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं, घसा बसलाय का विचारलं, आणि आवाज परत येईपर्यंत घरी राहा म्हणाल्या.

“माझा आवाज कुठे गेलाय?” ताईनं विचारलं. “तुला येतोय ना ऐकू?”

धाकटीनं मान हलवली. येत होता. पण भिंतीआडून येईनासा झाला होता, हे तिनं सांगितलं नाही. कालपासून ताई दुसऱ्या खोलीत गेली की घर एकदम रिकामं व्हायचं. बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा आणि पाण्याखालचं गाणं यायचं नाही.

दोघी डॉक्टरांकडे गेल्या. आधी धाकटीचे कान तपासले. कान उत्तम होते. मग डॉक्टरांनी ताईच्या घशात बॅटरी मारली आणि ‘आ’ म्हणायला सांगितलं. ताईनं भला मोठा ‘आ’ केला. डॉक्टर बॅटरी धरून वाट बघत राहिले. मग त्यांनी धाकटीकडे वळून विचारलं की यांचं बोलणं बंद होऊन किती दिवस झाले. ताईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. त्या वेळी तिला समजलं. येताना वाटभर ती काहीच बोलली नाही. की बोलली, हे धाकटीला खात्रीनं सांगता आलं नसतं, कारण शेजारून वाहनं जात होती आणि ती ताईच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

घरी आल्यावर धाकटीनं सगळं सांगून टाकलं. ताई ऐकत राहिली. तिला चिडताना धाकटीनं हजारदा पाहिलं होतं, पण या वेळी ती चिडली नाही. ती टेबलावर वाकली, आणि फार लांबून, पाण्याच्या तळातून यावा तशा आवाजात म्हणाली,

“मग जा आणि त्याला सांग ना, चूक झाली म्हणून.”

धाकटीनं ऐकलेले ताईचे ते शेवटचे शब्द. त्यानंतर नुसते ओठ.

६

सकाळी ऑफिसात जाऊन तिनं शांततेचा नमुना यंत्रातून पुसून टाकला. एवढ्यानं होईल असं तिला वाटलं होतं, कारण चूक जिथे झाली तिथेच ती निस्तरते असा तिचा समज होता. मग तिनं ताईचा जुना निरोप लावला. हॉर्न, पावलं, दाराची घंटा.

आप्पा चहा घेऊन आले. खुशीत होते. तो नमुना तू पुसलास का, त्यांनी विचारलं, पुस हवं तर, मी तो केव्हाच पुढे दिलाय. इतकी सुंदर शांतता त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्यांनी ती त्यांच्या जुन्या सगळ्या रेकॉर्डिंगना लावली होती, ओळखीच्यांना पाठवली होती, त्या ओळखीच्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना. जिथे लावावी तिथे चपखल बसते म्हणाले. कुठेही लाव, काहीतरी निघून जातं आणि उरलेलं उजळतं.

“तुझं एकच काम उरलंय,” आप्पा म्हणाले. “गाद्या खाली पडल्याचा आवाज. पेडल सुटल्याचा. तो घेतला की पियानो पुरा झाला.”

धाकटीनं विचारलं की तो नाही घेतला तर. आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती जिना बांधून शेवटची पायरी नको म्हणत होती. पेडल दाबलेलं आहे आणि सुटतच नाही, असा पियानो कुठे असतो का?

त्या संध्याकाळी ताई आणि ती घरच्या लिफ्टमधून वर जात होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई आत आल्या. धाकटीकडे पाहून हसल्या, हवेबद्दल बोलल्या, आणि उतरता उतरता म्हणाल्या की तुझी ताई हल्ली दिसत नाही कुठे, बाहेरगावी गेलीय का. ताई त्यांच्या कोपराला टेकून उभी होती. बाईंना वाट हवी होती, तर त्या किंचित तिरप्या झाल्या, खुंटीवरच्या कोटाला टाळावं तशा.

लिफ्टचं दार मिटलं. आरशात दोघी होत्या. धाकटीनं ताईचा हात घट्ट धरला. हात गरम होता. गरम आहे म्हणजे आहे, असं ती मनात म्हणत राहिली, आणि मजला आला तरी तिला कळलं नाही.

७

पियानोची कल्पना तिला झोपेत सुचली की जागेपणी, ते सांगता येणार नाही. पण ती इतकी सरळ होती की आधी कशी सुचली नाही याचं नवल. यंत्रानं ताईचा आवाज काढला होता. तारांचं उत्तर काढलं नव्हतं. तारांना ती अजून ऐकू येत असणार.

आप्पा जेवायला बाहेर गेल्यावर दुपारी तिनं ताईला आत आणलं. पियानोच्या कुशीशी खुर्ची ठेवून तिला बसवलं, उघड्या झाकणाकडे तोंड करून. स्वतः समोर बसून उजव्या पेडलवर पाय ठेवला आणि दाबला. गाद्या उचलल्या गेल्या. ताईचे ओठ हलले.

आणि पियानो बोलला.

शब्द नव्हते. शब्दांची हाडं तारांना धरता येत नाहीत, नुसता त्यांचा श्वास धरता येतो. पण तो चढउतार, ती मध्येच घाई, वाक्याच्या शेवटी तो टोमण्याचा हेलकावा. धाकटीनं तो जन्मापासून ऐकला होता. ती रडायलाच लागली. ताईनं विचारलेलं तिला ओठांवरून कळलं: येतंय? तिनं मान हलवली. ताई हसली, मग भराभर बोलत सुटली, इतक्या दिवसांचं साठलेलं. पियानो भरून वाहू लागला. धाकटीला त्यातलं फार थोडं कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. घर बदलू, पियानोच्या शेजारी राहू, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं.

पाय अवघडला म्हणून तिनं टाच जराशी हलवली. पेडल थोडं वर आलं. अगदी थोडं, गाद्या तारांना नुसत्या शिवल्या.

ताईचं वाक्य मध्येच मिटलं. नुसतं वाक्य नव्हे. धाकटी समोरच पाहत होती, म्हणून तिला ते दिसलं, आणि ज्या क्षणी दिसलं त्या क्षणी तिनं पाय पुन्हा खाली दाबला, त्यामुळे नेमकं काय दिसलं ते ती आता शपथेवर सांगू शकत नाही. खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीची एकेक दांडी तिला दिसली होती, सगळ्या दांड्या, खालपर्यंत. आणि खुर्चीत, ताईचं तोंड असायला हवं तिथे, काहीतरी लोकरीसारखं, दाट, टेकलेलं.

मग ताई होती, ओठ उघडे, अर्ध्या वाक्यात. आपल्याला काय झालं हे तिला कळलेलं नव्हतं. ती बोलतच होती.

डोळ्यांत पाणी होतं, धाकटीनं स्वतःला सांगितलं. पाण्यातून पाहिलं की खुर्चीही वाकडी दिसते. हे पुरेसं पटण्यासारखं होतं. खात्री करायला पेडल एकदा पुन्हा थोडंसं सोडून पाहायचं, की झालं. तिनं ते केलं नाही.

८

बाहेरचं दार वाजलं. आप्पांची पावलं काचेपलीकडच्या खोलीत आली, खुर्ची कुरकुरली, आणि मग खोलीतला बोलण्याचा स्पीकर खरखरला.

“चिमणे, एकटीच बसलीस होय? बरं केलंस, मी म्हणणारच होतो.” मागे काहीतरी चालू केल्याचा आवाज. “ताईला आणायला हवं होतंस खरं. तिचाच पाय असता तर जोड बसली असती. असो. पेडल दाबलेलंच आहे ना? मग आता हळूच सोड.”

दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

धाकटीनं काचेकडे पाहून मान हलवली, नाही नाही अशी. आप्पा थांबले. मग त्यांनी समजुतीनं सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, गाद्या खाली येतात, तारा गप्प होतात, बस. तिनं बोलायचा प्रयत्न केला. ताई समोर बसलीय, तुम्हाला दिसत नाही का, असं ती म्हणाली. पण तिच्या बोलण्याला आता सगळ्या तारा उत्तर देत होत्या, आणि ताई त्याच वेळी काहीतरी विचारत होती, आणि खोलीभर एकच गुंजारव माजला होता. त्यात आप्पांना काय पोचलं असेल कोण जाणे. ते ऐकत होते.

मग आतलं दार उघडलं आणि ते स्वतः आले, पायातले बूट दाराशी काढून, जपून, जसे ते नेहमी या खोलीत येत. चेहरा उजळला होता. केवढं गुंजतंय, ते कुजबुजले, एवढं तर आपल्याला कधी मिळालंच नाही. नीट ऐकता यावं म्हणून ते पियानोच्या कुशीशी आले. तिथे खुर्ची होती. त्यांनी ती मागे ओढली आणि बसले.

ताई उठली की नाही, हे धाकटीनं पाहिलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते. तारा मात्र एकदम अशा वाजल्या की मायक्रोफोनच्या दांड्या थरथरल्या. सगळ्या, खालपासून वरपर्यंत, एकच उघडा, न संपणारा आकार.

“हेच,” आप्पा म्हणाले. “हेच हवं होतं. आता सोड.”

नडगीतून मुंग्या वर चढत होत्या. आधी बोटं गेली, मग तळवा, मग घोटा. तिनं पायावर सगळा भार टाकला, निदान टाकला असं तिला वाटलं, कारण तिथे खाली आता काही लागत नव्हतं, ना पितळ, ना गालिचा. पाय दाबलेला आहे की उचलला गेलाय हे तिला डोळे उघडून पाहता आलं असतं. त्यापेक्षा तिनं श्वास रोखला आणि कान लावून बसली. अजून वाजत होतं. अजून वाजत होतं. मंद होतंय का, की तसंच आहे, हे ठरवायला ती पुढचा क्षण ऐकत होती, आणि त्याच्या पुढचा.